बांधातलं बीळ

पहिलं सांगून टाकते, बीळ मी उकरलं. पार्टनरने नाही. ती अजून म्हणते दोघींची चूक होती, पण आकडी मी घातली, मग हातही मीच घातला. हे एकदा लिहिलं की पुढचं लिहायला सोपं जाईल असं वाटलं होतं. नाही जात आहे. आत्ताही टाईप करताना बोटं गार पडलीयेत.

पार्टनर म्हणजे कामावर माझ्या शेजारी बसते ती. पेणला गणपतीच्या एका कारखान्यात आम्ही दोघी रंगकाम करतो. मी अंगाचा रंग मारते, ती डोळे आखते. चार महिने मान वर करायला मिळत नाही, आणि विसर्जन झालं की एकदम सगळं शांत. शेड रिकामी, मालक पण झोपा काढतो. मग तीन दिवस सुट्टी मिळाली. पार्टनरचं गाव रोह्याच्या पुढे, खाडीकाठी. ती म्हणाली, "आमच्याकडं एक पुळण हाय. वाळू, खरीखुरी. एक पण माणूस येत नाय तिकडं. चालत जायला लागतं पण, बांधावरनं. येतेस?"

मी लगेच हो म्हटलं. विचार कुणी करायचा! पोहता येत नाही, चिखलाची शिसारी, पाणदिवड दिसली तरी मी किंचाळते, हे सगळं नंतर आठवलं, एसटीत बसल्यावर, नागोठण्याच्या पुढे.

गावात पोचलो तेव्हा साडेआठ झाले असतील. पार्टनरच्या घरी चहा घेतला, तिच्या भावाची चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले मोठे खेकडे, काढायची आकडी उचलली. आकडी म्हणजे लांब लोखंडी सळई, टोकाला वाकवलेली. पार्टनर म्हणाली, "वाटेत तिवरांत चिंबोऱ्या असतात, गावल्या तर गावल्या." तिवरं म्हणजे खाडीच्या चिखलात वाढतात ती झाडं, मुळं वर काढून उभी असतात. मला तेव्हाच ती मुळं बघून कसंतरी झालेलं.

गावातलं शेवटचं घर भाभीचं, सगळं गाव तिला भाभीच म्हणतं. तिथूनच बांध सुरू होतो. भाभी दारात पेंढ्याच्या जुड्या बांधत बसली होती. नवरा कुवेतला, दोन वर्षांनी एकदा येतो, सहा खाचरं ती एकटी बघते. पार्टनरला बघून म्हणाली, "काय गो, सुट्टीला आलीस? आणि ही कोण, पेणची काय?"

"व्हय भाभी, कामावरची. पुळणीवर नेते हिला."

"पुळणीवर काय हाय? कुत्रं पण जात नाय तिकडं." मग माझ्या पायाकडे बघून हसली. "पांढरं बूट घालून चाललीस? परत येताना काळं असतील बघ. आज पानी मोठा हाय, पुनव होऊन गेली नुकती. साडेबारा-एकच्या आत बांधावर या, कातळावर अडकाल नायतर."

आणि मग बांधाच्या आतल्या बाजूला हात केला. "बघितलंस भात? दोन वर्सं इथं नुसती मिठाची पापडी होती."

दोन वर्षांपूर्वी बांधाला खांड गेलेली. म्हणजे बांध फुटून खाडीचं पाणी शेतात शिरलं. एक भरती. एकच. त्याच्यावर दोन वर्षं काही उगवलं नाही, पावसाने जमीन धुवून निघायची वाट बघत बसायचं फक्त. यंदा पहिल्यांदा तिने भात लावलं आणि ते माझ्या कमरेएवढं उभं होतं, दाणा धरायला लागलेलं. भाभी जाता येता त्याच्यावरून हात फिरवायची असं पार्टनर म्हणाली. मी तेव्हा फोनमध्ये हिरव्यागार भाताचा फोटो काढला. छान आला पण.

बांधावरून चालणं म्हणजे काय ते मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. वरती जेमतेम एक माणूस चालेल एवढी वाट, पावसाने गुळगुळीत झालेली. डावीकडे शेत, उजवीकडे खाली चिखल आणि त्याच्या पलीकडे खाडी. तेव्हा पाणी लांब होतं, भरती नुकती चढायला लागलेली. चिखलावर सगळीकडे बारीक बारीक काहीतरी हलत होतं. मी पार्टनरची बॅग मागून धरून चालत होते.

"सोड गो, दोघी पडू."

"सोडणार नाही."

"खाली पडलीस तर गुडघ्यापर्यंत जाशील, मरणार नायस."

"गुडघ्यापर्यंत जाईन म्हणजे?"

ती नुसती हसली. अर्ध्या वाटेवर मला जरा धीर आला आणि मग मी तिची बॅग सोडली, आणि तीच चूक झाली. बॅग धरून चालले असते तर ते बीळ मला दिसलंच नसतं.

बांधाच्या खाडीकडच्या उतारावर दगड लावलेले असतात, पाण्याने माती खाऊ नये म्हणून. एका जागी दोन दगड निसटले होते आणि मधे बीळ. बिळात नांगी. निळसर हिरवी, माझ्या मनगटाएवढी जाड नांगी, जराशी बाहेर, मग आत. पार्टनर पंधरावीस पावलं पुढे गेली होती, पण आकडी माझ्याकडे होती, चालताना टेकायला घेतलेली. मी फोन समोरच्या तिवराच्या खोडाला टेकवून व्हिडिओ चालू केला आणि आकडी आत घातली.

मला काय माहीत होतं? माझ्या मामाने लहानपणी एकदा दाखवलं होतं, आकडी घालायची, चिंबोरीने धरली की हळू ओढायची. हिने धरली. मी ओढली. ती आत गेली. मी आणखी आत घातली. मग माती सुटायला लागली, तर मी हातानेच उकरायला लागले, कोपरापर्यंत हात आत. माती एकदम मऊ, लोण्यासारखी. भीती वाटत होती नांगी बसेल म्हणून, आणि मजा पण येत होती, दोन्ही एकत्र. पार्टनर ओरडत आली, "ए, काय करतेस? बांधातली नाय काढायची!" आणि तेवढ्यात चिंबोरी बाहेर आली, एवढी मोठी, आकडीला लटकलेली, आणि पार्टनर स्वतःच खाली बसली आणि तिने मागून धरली. हसत होतो आम्ही. व्हिडिओत ऐकू येतं ते.

चिंबोरी पिशवीत टाकल्यावर ती परत खाली वाकली. बिळात डोकावली. "किती आत गेलीस गो?"

"हातभर. का?"

"बांधातली काढत नाय कोण. तिवरातली काढायची. बांधातली काढली तर बांध पोकळ होतो." मग तिने ओला चिखल उचलला आणि बिळात भरला, मी पण भरला, आणि पायाने दाबला. दगड परत ठेवले. "घरी सांगू नको, दादा मारंल मला," ती म्हणाली.

मी म्हटलं भरलं ना आता. ती म्हणाली व्हय. पण जाताना दोनदा मागे वळून बघितलं तिने. मी बघितलं की ती बघतेय.

पुढची वाट डोंगराच्या नाकावरून. बांध संपला की कातळ, करवंदाच्या जाळ्या, एका बाजूला खाली पाणी. एका ठिकाणी बसून, हात टेकून सरकायचं. मी डोळे मिटून सरकले, पार्टनर म्हणाली डोळे मिटून कोण सरकतं, उघड. मग एकदम वळण आणि खाली पुळण.

सुंदर होती, खोटं कशाला बोलू. दोन बस उभ्या राहतील एवढीच. पिवळी वाळू, शिंपल्यांचा चुरा, एक मोडकी होडी अर्धी वाळूत गेलेली, थोडं वाहून आलेलं प्लास्टिक, चपला, सगळ्या डाव्या पायाच्या. माणूस नाही. आवाज नाही. आम्ही भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खाल्ली. मी पाण्यात घोट्यापर्यंत गेले आणि परत आले. फोटो काढले. पण पार्टनर सारखी पाण्याकडे बघत होती. पाणी येत होतं, गुपचूप, प्रत्येक वेळी थोडं जास्त. मी विचारलं, "कसला विचार करतेस?" तर म्हणाली, "कायच नाय." आणि मिनिटभराने, "चल, निघू."

"अकराच वाजलेत."

"चल गो."

तिने असं म्हटल्यावर मी वाद घातला नाही. येताना कातळावर मी डोळे मिटले नाहीत, कारण आता खाली पाणी होतं आणि ते दगडांवर आपटत होतं, आणि मला तेवढी भीती पण वाटली नाही, कारण दुसरीच भीती होती. दोघींनी तोंडातून काढली नव्हती एवढंच. मधे माझा पाय घसरला, गुडघा फुटला, दहा मिनिटं तिथेच बसायला लागलं. रक्त थांबेना. पार्टनरने ओढणीचा कोपरा फाडून बांधला. बांधावर पाय ठेवला तेव्हा बारा वाजून गेले होते.

बांध ओळखू येत नव्हता. सकाळी जिथे चिखल होता तिथे सगळी खाडी. पाणी बांधाच्या वरपासून दोन हात खाली, करडं, फेसाळ, आणि तिवरांचे फक्त शेंडे वर. उजवीकडे भात, त्याच्यात आणि पाण्यात फक्त आम्ही चालत होतो तेवढी माती. मी दर पावलाला वाट बघत होते की आता हलेल, आता हलेल.

पार्टनर थांबली. "ऐक."

मला आधी वाटलं कुठेतरी नळ उघडा आहे. शेतात कसला नळ? आवाज खालून येत होता, चुकीच्या बाजूने. शेताच्या बाजूने. आम्ही वाकून बघितलं. बांधाच्या आतल्या उतारावर, बुडाशी, गवतातून पाणी उसळत होतं. मनगटाएवढी धार. गढूळ, तांबडं पाणी, आणि त्याच्याबरोबर मातीचे खडे बाहेर पडत होते. भाताच्या पहिल्या ओळी त्यात आडव्या झाल्या होत्या.

"तिथंच हाय," पार्टनर म्हणाली. आवाजच नव्हता तिला. "सकाळचं बीळ. इथंच कुठंतरी व्हतं."

फोनला रेंज नव्हती. तिने चपला काढल्या आणि पळाली गावाकडे. जाताना ओरडली, "तू थांब इथं, जागा दाखवायला!" आणि मी थांबले.

एकटी. एका बाजूला खाडी वर चढतेय, दुसऱ्या बाजूला धार, आणि दर मिनिटाला धार जरा जाड होतेय. माझ्या डोक्यात भाभीचं एकच वाक्य फिरत होतं, दोन वर्सं इथं नुसती मिठाची पापडी होती. मी उतरले शेताच्या बाजूने. पिशवीतली चिंबोरी ओतून दिली, ती तिरपी तिरपी भातात निघून गेली, आणि रिकामी पिशवी मी भोकात कोंबली. पाण्याने उडवून लावली. मग ओढणी कोंबली. मग बॅगेतला टॉवेल, वर दगड, दगडावर मी पाय दिला. आणि पाणी थांबलं.

थांबलं! मी रडलेच. एकटीच बोलत होते, थांबलं, थांबलं.

दोन मिनिटं गेली असतील. मग मी हात टेकलेला तो बांध ओला लागायला लागला. भोकातून नाही, सगळीकडून. गवताच्या मुळांतून घाम फुटल्यासारखं पाणी. आणि मातीत एक बारीक चीर, माझ्या डोक्याच्या वर, आडवी. मी बघत होते आणि ती लांब होत होती. मला काही कळत नव्हतं. पळावं वाटत होतं, पण पाय काढला तर परत धार सुटेल, आणि नाही काढला तर सगळा बांधच अंगावर येईल. मी तशीच उभी. मी आईला हाक मारली, खरंच, चोवीस वर्षांची बाई, शेतात उभी राहून आईला हाक मारत होते.

आली भाभी. पार्टनर तिला वाटेत भेटली होती, तिनेच पार्टनरला पुढे गावातून माणसं आणायला पाठवलं आणि स्वतः शेतातल्या खोपटातून रिकाम्या गोणी आणि पेंढा घेऊन धावत आली. खाली बघितलं तिने आणि किंचाळली.

"आतून कोणी बंद केला?"

"मी. पाणी थांबलं ना भाभी—"

"थांबला नाय, बांधाच्या पोटात भरतंय! फुगलाय बघ. काढ! काढ पयला!"

"काढला तर शेतात—"

"काढ सांगते ना, या अल्ला!"

मी दगड काढला, टॉवेल आणि ओढणी ओढून काढली, आणि धार अशी आली की मी मागे भातात पडले. तोंडात पाणी गेलं. खारट. त्या खारटपणाची भीती मला आयुष्यात विसरता येणार नाही, त्या शेतात खारट चव.

पण चीर वाढायची थांबली. भाभी बांधावर चढली आणि खाडीकडच्या पाण्याकडे बघत इकडून तिकडे धावायला लागली. "भायेरचं तोंड गावला पायजे. भायेरनं बंद झाला तरच होतंय. कुठं असंल, कुठं असंल, एवढ्या पाण्यात काय दिसतंय..." ती माझ्याशी बोलत नव्हती. तिला माझ्यावर संशय पण नव्हता. तिच्या लेखी मी पार्टनरची पेणवाली मैत्रीण, जिने बिचारीने आपली ओढणी कोंबून मदत केली.

मी गप्प राहिले असते तर कुणालाच कळलं नसतं. हे मला त्याच क्षणी कळलं. पार्टनर बोलली नसती. घूस असते, उंदीर असतात, बांधाला बिळं पडतच असतात.

"भाभी, मला माहितीये कुठंय."

"तुला कसा म्हाईत?"

"सकाळी मी चिंबोरी काढली तिथून. मी उकरलं."

ती थांबली. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तिने फक्त विचारलं, "नेमका कुठं?"

आणि नेमकं मला सांगता येईना! सगळे दगड पाण्याखाली, सगळा बांध एकसारखा. मग व्हिडिओ आठवला. बॅगेतून फोन काढला, लावला. त्यात मी हसतेय. "आली आली आली," मी ओरडतेय, पार्टनर हसतेय. भाभी शेजारी उभी राहून बघतेय. आवाज बंद करायचं पण सुचलं नाही मला. दगडांमध्ये एक पांढरा दगड दिसत होता, आणि वर, बांधाच्या कडेला, गुरं बांधतात तसला एक खुंटा. खुंट्याच्या बरोबर खाली, जरा डावीकडे.

खुंटा होता. आठ पावलांवर.

"उतर," भाभी म्हणाली.

"मला पोहता येत नाही."

"मला वर वजन धरायला लागंल, तू मला ओढशील का वर? जागा तुला म्हाईत. उतर गो बेटा, टाईम नाय." तिने स्वतःची ओढणी माझ्या कमरेला बांधली, दुसरं टोक खुंट्याला गुंडाळून हातात धरलं. बेटा म्हणाली, ते ऐकून मला जास्तच रडू आलं.

मी उतरले. दगड शेवाळलेले, एक पाय, दुसरा पाय, पाणी गुडघ्याला, कमरेला. गार. फुटलेला गुडघा असा झोंबला की डोळ्यांपुढे पांढरं झालं. छातीला पाणी आलं तेव्हा मी थांबले, श्वासच येईना. पाणी मला उचलत होतं, पाय खाली टिकत नव्हते. भाभी वरून, "पायाने चाचप. पायाने. जिथं ओढंल तिथं थांब."

डावा पाय दगडावरून फिरवला. काही नाही. आणखी खाली. आणि एकदम पाय धरला. कुणीतरी खालून हाताने धरावा तसा घोट्यापर्यंत आत ओढला. मी ओरडले ते गावात ऐकू गेलं म्हणतात. बीळ सकाळी माझ्या हाताएवढं होतं, आता त्यात माझा पूर्ण पाय जात होता.

"गावला!" भाभी ओरडली, जणू तिचाच पाय होता. "काढू नको, ऱ्हाऊ दे पाय. हे घे."

पेंढा कोंबलेली गोणी तिने वरून सोडली. मी ती पाण्याखाली दाबायचा प्रयत्न केला, ती वर यायची. दोनदा निसटली. तिसऱ्यांदा मी नाक धरलं आणि डोक्यासकट खाली गेले, आणि गोणी त्या ओढीच्या जवळ नेली, आणि ती आपोआप गेली. पाण्यानेच आत खेचून घेतली. मी वर आले तेव्हा नाकातोंडात चिखल. दुसरी गोणी पायाने ढकलली. मग भाभी बांधावरची ढेकळं काढून खाली टाकत होती आणि मी ती पायाने तुडवत होते, तुडवत होते, किती वेळ माहीत नाही. मधे मधे ती पलीकडे धावत जाऊन धार बघून यायची. "गढूळच हाय." परत. "गढूळच हाय." आणि मग, "साफ पानी यायला लागला."

साफ पाणी म्हणजे माती वाहायची थांबली. बांध आता स्वतःला खात नव्हता.

तेवढ्यात पार्टनर आली, तिच्यामागे पाचसहा जण, फावडी, मातीने भरलेल्या गोणी. त्यांनी मला हाताला धरून वर ओढलं आणि मग बाकीचं त्यांनी केलं, पटापट, एकमेकांना शिव्या देत. एक म्हातारे आजोबा होते, ते पाण्यात उतरले नाहीत, फक्त सूचना देत होते आणि कुणी ऐकत नव्हतं. धार थेंबावर आली. मग थेंबही. पाऊण वाजून गेला, पाणी अजून तसंच उभं, आणि सगळे बांधावर बसून राहिले, उतरायला लागेपर्यंत. कुणी हललं नाही.

आजोबांनी विचारलं, "झाला कसा पण? गेल्या महिन्यात तर बांध बघितलेला मी."

मी भाभीकडे बघितलं. ती ओढणी पिळत होती, खाली बघूनच म्हणाली, "तिला इचारा. सांगंल ती."

मग मी सांगितलं. दुसऱ्यांदा जास्त कठीण गेलं. पार्टनर मधेच म्हणाली, मी पण धरली चिंबोरी, तर तिच्या भावाने नुसतं बघितलं तिच्याकडे.

आजोबा म्हणाले, "पेणला बाजारात चिंबोऱ्या मिलत नाय काय गो? का तिथं नुसतं गनपतीच खातात?" कुणीतरी हसलं. मग त्यांनीच समजावलं, रागाने नाही, पोराला शिकवतात तसं. आतून घुशीचं बीळ असतं, बाहेरून चिंबोरीचं. दोघांच्या मधे वीतभर माती उरते. त्या वीतभर मातीवर बांध उभा असतो. "ती तू काढलीस."

भाभी एकटी शेतात उतरली होती. एकेका खाचराजवळ वाकायची, पाण्यात बोट बुडवायची, तोंडात घालायची. मी मागे मागे गेले. पहिलं खाचर, चेहऱ्यावरूनच कळलं. दुसरं, तिने परत बोट घातलं, परत चाखलं. तिसऱ्याला तिने मला खूण केली, तू चाख. मी चाखलं. गोडं होतं. मी पुढच्याला पण चाखलं, त्याच्या पुढच्याला पण. गोडं.

"एक गेलं," ती म्हणाली. "दुसऱ्याचा निम्मा. पाऊस आला चांगला तर निम्मा वाचंल."

"भाभी, मी..."

"उद्या सकाळी ओहोटीला ये. बांध भरायला. ज्यानं पाडला त्यानं भरायचा, असा हाय आमच्यात."

त्या रात्री पार्टनरकडे राहिले, झोपले नाही. सकाळी सात वाजता पाणी उतरलेलं, चिखल परत उघडा. गावातल्या माणसांनी बाहेरून सगळं उकरून काढलं, माझ्या हाताने कोंबलेल्या गोण्यासुद्धा, आणि नवीन माती थरांनी भरली. माझं काम चिखल वाहायचं. डोक्यावर घमेलं, खालून वर, वरून खाली. चिखलात मांडीपर्यंत गेले, दोनदा अडकले, दोनदा ओढून काढलं. आजोबा म्हणाले, "आता हिला चिखलाची शिसारी नाय राहिली." राहिली होती, पण सांगितलं नाही.

पेणला परत आले, कारखाना सुरू झाला, साचे धुवायचं काम. पण आकाशात चंद्र दिसला की मी तो किती उरलाय ते बघत उभी राहायचे. कमी कमी होत चाललाय म्हणजे अमावास्या जवळ, अमावास्या म्हणजे परत उधाण. नवीन माती पहिल्या उधाणाला टिकली तर टिकली, असं त्यांच्यातच कुणीतरी म्हणालं होतं. पार्टनर फोनवर विचारायची घरी, घरचे म्हणायचे काय व्हायचंय, भरलाय आता. मला ते पुरेना. अमावास्येच्या दिवशी मालकाला पोटात दुखतंय म्हणून सांगितलं, खोटं नव्हतं ते, आणि पहिल्या एसटीने गेले. एकटी.

भाभी बांधावरच होती. मला बघून आश्चर्य वाटलं नाही तिला. बसायला पोतं दिलं. समोर ते एक खाचर, शेंडे तांबडे, पोचट, वाळून गेलेले. त्याच्या शेजारचं अर्धं हिरवं अर्धं पिवळं. पाणी चढत होतं. अकरा, साडेअकरा. ती शेताच्या बाजूने खाली उतरून बसली, मी पण. नव्या मातीचा डाग अजून वेगळा दिसत होता, त्याच्यावर गवत नव्हतं. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो, जसा काही त्याच्यावर टीव्ही लागलाय.

बारा वाजले. बांधाच्या पलीकडे पाणी आदळत होतं, ऐकू यायचं. मी तळहात मातीवर ठेवला. काढला, बघितला, परत ठेवला.

"कोरडा हाय काय?" भाभीने विचारलं.

"कोरडा आहे."

"बघ परत."

मी परत बघितलं. कोरडाच होता. "कोरडा आहे भाभी."

"एक वाजेपर्यंत बस," ती म्हणाली, "मग जा."